इटालियन वाद्याचे अकरा स्क्रू

लिफ्टवाले,

पहिल्या दिवशी मी तुम्हाला चोर समजले होते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. दुसऱ्या दिवशीही समजले. खरं सांगायचं तर वर्षभर समजतच होते. मध्यंतरी चहा द्यायला लागले, एवढाच फरक. तुम्ही स्वतःबद्दल चार ओळी लिहिणाऱ्यांतले नव्हे. तेव्हा मीच लिहिते, आणि तुम्हालाच उद्देशून लिहिते, म्हणजे पाठीमागे बोलल्याचा ठपका नको.

ओळख झाली तीच तक्रारीतून. लिफ्ट बिघडून दुसऱ्या मजल्यावरचे वकील आत अडकले होते. निदान त्यांना तसं वाटलं. लिफ्ट तुम्ही केव्हाच दुरुस्त केली होती. तुम्हीच ती दोन मजल्यांच्या मध्ये थांबवली होती, कारण तिच्या घरघरीत तुम्हाला तिसऱ्या मजल्यावरचं, म्हणजे माझ्या घरातलं, काही ऐकू येत नव्हतं. वकील आतून दार बडवत होते आणि तुम्ही जाळीला कान लावून उभे. मग माझी बेल वाजली. ग्रीसने काळे झालेले हात, कानावर पेन्सिल, आणि नाव नाही, गाव नाही, थेट प्रश्न.

"आत इटालियन स्ट्रिंग मशीन आहे का हो, मावशी?"

मी म्हटलं, मावशी म्हणू नका, मला बहीण नाही. आधी वकिलांना सोडवा.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचे हे एका हॉटेलच्या वाद्यवृंदात वाजवायचे. आठ व्हायोलिनवाले ठेवणं जड झालं तेव्हा मालकाने इटलीहून हे एक वाद्य मागवलं. दिसायला पेटीसारखं, वजनाला कपाटासारखं, आणि पट्टी दाबली की अख्खा व्हायोलिनचा ताफा खोलीत शिरल्यासारखा आवाज. अशी फार थोडी बनली. हॉटेल बंद पडलं तेव्हा ह्यांनी ते घरी आणलं आणि जाईपर्यंत वाजवलं. "आठवड्यातून एकदा चालू करत जा, नाहीतर रुसेल," असं मला बजावून गेले. मी करते. मला वाजवता येत नाही. फडक्याने पट्ट्या पुसते, तेवढंच वादन.

तुमच्याआधी त्याची चौकशी करणारा एकच माणूस आला होता, जुन्या वाद्यांचा दलाल. आतला एकही भाग बदललेला नसेल तरच त्याला किंमत, हात लागला असेल तर नुसतं खोकं, असं तो म्हणाला होता. तेव्हा तुम्ही त्याचेच धाडलेले, असं मी मनाशी पक्कं केलं.

तुमचं म्हणणं वेगळं होतं. वाद्य नको, फक्त मोजमापं हवीत. पट्टीपट्टीचा आवाज मोजून तेच वाद्य कॉम्प्युटरवर पुन्हा उभं करायचं, आणि ते कुणालाही फुकट द्यायचं. नुसतं फुकट नव्हे, आतली सगळी मांडणीही उघडी. ज्याला हवं त्याने पाहावं, बदलावं, पुढे द्यावं. मी विचारलं, मग तुमच्याकडे काय उरणार? तुम्ही म्हणालात, आत्ता तरी काय आहे? हे उत्तर ऐकून माझा संशय दुप्पट झाला. पैसे मागणाऱ्याचा हेतू निदान कळतो.

पण एक गोष्ट खरी होती. वाद्य मरत होतं. एकोणपन्नास पट्ट्यांपैकी चार मुक्या झाल्या होत्या, आणि आतल्या चिप आता कुणी बनवत नव्हतं. दर महिन्या-दोन महिन्यांनी आणखी एक जाईल, असं तुम्ही सांगितलंत आणि तसंच झालं. म्हणून मी दार उघडलं. रविवारी दहा ते एक, मी समोर बसणार, वाद्य खोलीबाहेर जाणार नाही. शिवाय मागच्या झाकणाच्या अकराही स्क्रूंवर मी नेलपॉलिशचा ठिपका दिला, म्हणजे माझ्या नकळत कुणी फिरवले तर कळावं.

 पुढच्या रविवारी निघताना तुम्ही खिशातून एक बाटली काढलीत, अकरा स्क्रूंवर पुन्हा ठिपके दिलेत आणि म्हणालात, "बाई, तुमची वाळत आलीय. ही बायकोची आणलीय." रंग जरा भडक होता. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा चहा ठेवावासा वाटला.

मग तुमचं आयुष्य तुकड्यातुकड्याने कळत गेलं. कॉलेज अर्ध्यावर सुटलेलं. प्रोग्रॅमिंग गच्चीवरच्या मशीनरूममध्ये डबा खाता खाता शिकलेलं. लॅपटॉपची एक कळ निखळलेली, तिथे काडी खुपसून काम चालायचं. आणि कान. मोटर चालू केली की कुठलं बेअरिंग जाणार ते तुम्ही डोळे मिटून सांगायचात. तुमच्या कंपनीत याच कानांवर तुमची भाकरी होती. तुमच्या पत्नीही एका रविवारी "सहज" आल्या. नवरा दर आठवड्याला कुठल्या बाईकडे जातो ते पाहायला. चौऱ्याहत्तर वर्षांची मी आणि नेलपॉलिश लावलेलं खोकं पाहून त्यांचा जीव भांड्यात पडला. बाई मला आवडल्या. चौकशीशिवाय विश्वास ठेवणारी माणसं मला आळशी वाटतात.

आणि मग तो प्रश्न आला. झाकण पूर्ण काढून तुम्ही विचारलंत, "हे कधी कुणी दुरुस्त केलंय?"

मी म्हटलं, नाही.

खोटं बोलले. हे जाण्याच्या सहा वर्षं आधी त्यातला एक भाग जळला होता. ह्यांनी जेवणाच्या टेबलावर ते उघडून तिथे आपल्या कानाला रुचेल असा दुसरा बसवला, आणि मी तासभर बॅटरी धरून उभी होते. पण दलालाचं बोलणं डोक्यात होतं. तुम्ही मान डोलावलीत आणि जे मोजलं ते इटलीहून आलेलं समजून लिहून घेतलंत.

वर्षाने काम झालं. तुम्ही ते जगाला देऊन टाकलंत. पंधरा दिवसांत परदेशातल्या एका माणसाने जाहीर लिहिलं की आपल्याकडे हेच वाद्य आहे, आणि या कॉम्प्युटरवाल्याचा मधल्या पट्ट्यांचा आवाज साफ चुकला आहे. एक तर त्याने खरं वाद्य पाहिलेलं नाही, नाहीतर त्याला ऐकू येत नाही. आणखी दोघांनी री ओढली. तुम्ही पुन्हा रविवारी यायला लागलात. तेच मोजायचात, तोच आकडा यायचा, आणि तुम्ही माझ्याकडे न बघता डोकं खाजवायचात. मी विणकाम करत बसायचे. चार महिने.

दुसऱ्यांदा तुमच्या पत्नी एकट्याच आल्या. चहाही घेतला नाही. आमचे हे कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलेत, म्हणाल्या. डॉक्टर म्हणतात ठीक आहे, पण ह्यांचा विश्वास बसत नाही. परवा एका लिफ्टचं चांगलं बेअरिंग उगाच बदललं, साहेबांनी बोलावून घेतलंय. मला दुसऱ्या मजल्याच्या पायरीपर्यंत त्यांच्या चपला ऐकू आल्या.

रविवारी तुम्ही यायच्या आत मी आमच्या ह्यांची दुरुस्तीची वही काढून टेबलावर ठेवली.

"ते उघडलं होतं," मी म्हटलं. "ह्यांनी. बॅटरी मी धरली होती."

तुम्ही पान उघडलंत. जळालेल्या भागाचा आकडा, नव्याचा आकडा, खाली तारीख. सगळं ह्यांच्या टापटीप अक्षरात. तुम्ही ते दोनदा वाचलंत.

"बाई, मी कान तपासून आलो."

"माहीत आहे."

"म्हणजे कान बरोबर होते."

"तुमचे बरोबर होते. माझं तोंड चुकलं."

तुम्ही ओरडला असतात तर बरं वाटलं असतं. तुम्ही फक्त खुर्चीत मागे रेललात आणि बराच वेळ बोटांनी कानाची पाळी चोळत राहिलात. मग घरी जाऊन जाहीर लिहिलंत, "वाद्यात आधी झालेली दुरुस्ती तपासायची राहून गेली, चूक माझी." त्यात माझं नाव नाही, मी खोटं बोलल्याचा उल्लेख नाही. मला झाकण्यात या माणसाचा काय फायदा, यावर मी आठवडाभर विचार केला. काही सापडलं नाही. अजून शोधते आहे.

वहीतल्या आकड्यावरून तुम्ही मूळ आवाजही बसवलात. परदेशातल्या त्या माणसाने मान्य केलं, माफी मात्र मागितली नाही. पण ह्यांच्या दुरुस्तीचा आवाज तुम्ही काढून टाकला नाहीत. आता तुमच्या प्रोग्रॅममध्ये एक छोटा खटका आहे. एका बाजूला 'कारखाना', दुसऱ्या बाजूला 'तिसरा मजला'.

तोवर मुख्य चिपही गेली आणि खरं वाद्य पुरतं मुकं झालं होतं. शेवटच्या रविवारी तुम्ही झाकण लावून अकरा ठिपके दिलेत आणि एक काम सांगितलंत. पायाने आवाज कमीजास्त करायचं पेडल मोजायचं राहिलं होतं. ते मोजायचं यंत्र तुमच्या घरी होतं. "पेडल घेऊन मंगळवारी घरी या. आलात की एकदा डोळे मिटून ऐका. 'तिसरा मजला' बरोबर लागलाय का, हे सांगणारं आता दुसरं कुणी नाही."

मी येते म्हटलं. पेडल पुसून कापडी पिशवीत घातलं, पिशवी दाराच्या खुंटीला लावली. मंगळवारी गुडघा दुखला. पुढच्या मंगळवारी नळवाला यायचा होता. तिसऱ्या मंगळवारी काहीच नव्हतं आणि तरी मी गेले नाही. तुम्ही काय केलं असेल याची शंका नव्हती. ऐकून ह्यांचा आवाज मलाच ओळखता आला नाही तर, ही होती. मग तुमची दुसऱ्या शहरात बदली झाली. तुमच्या बायकोने फोनवर पत्ता दिला, तो मी पिशवीलाच टाचून ठेवला.

परवा नवीन लिफ्टवाला आला होता. दारात उभा राहून विचारतो, पिशवीत काय आहे. मी त्याला लिफ्टकडे बघायला सांगितलं, आणि अजून न पाठवलेली ती पिशवी, तुमच्या पत्त्यासकट, खुंटीवरून काढून आतल्या खोलीत नेऊन ठेवली.