न पडलेला कौल

देवीवर माझी श्रद्धा आहे, पण कौलावर फारशी नव्हती. ओली पाकळी दगडाला चिकटवली की ती कधीतरी पडणारच, त्यात देवीचं काय, असं वाटायचं. तरी त्या मंगळवारी मी मुलीला घेऊन गावदेवीच्या देवळात गेले, कारण माणसांना विचारून झालं होतं.

आमचे मालक पवना धरणात जाळं टाकतात आणि मी पवनानगरच्या बाजारात मासळी विकते. मुलगी नववीत आहे, वडगावच्या शाळेत जीपने जाते. सुट्टीच्या दिवशी ती माझ्यासोबत मासळीच्या पाटीपाशी बसते. कोणीतरी तिचा तिथला फोटो काढून वर्गातल्या मुलांच्या मोबाईलवर फिरवला. तेव्हापासून ती जीपमध्ये चढली की मागची मुलं नाक दाबून बसत. तिच्या शेजारची जागा रिकामी राही, मुलं एकमेकांच्या मांडीवर बसत पण तिथं कोणी बसत नसे. मी म्हटलं, दुर्लक्ष कर. मग ती साबणाने हात इतके घासू लागली की कातडी सोलवटली. शेवटी तिने शाळेत जाणंच बंद केलं. मला तिचा राग आला, त्या मुलांचा आला, आणि खोटं कशाला बोलू, मासळीचासुद्धा आला.

देवळात गुरवआबांनी देवीच्या दोन्ही खांद्यांवर पाकळ्या लावल्या आणि मला गाऱ्हाणं घालायला सांगितलं. मी घरूनच ठरवून आले होते. उजवी पडली तर मुलीला तळेगावला मामाकडे ठेवायचं, डावी पडली तर शाळा सोडून घरी बसवायचं. आबांनी ते देवीला सांगितलं आणि आम्ही हात जोडून उभ्या राहिलो. पाकळ्या काही हलल्या नाहीत. मागे लोक खोळंबले तेव्हा आबा म्हणाले, "आईच्या मनात न्हाई आज. बाजूला बसा जरा." मला वाटलं, देवीनेही आमच्यापुढे नाक दाबलं.

सभामंडपात बसल्यावर मुलगी म्हणाली, "आई, तू दोन्हीकडनं मला पळवायलाच निघालीस. मी हितंच ऱ्हायले तर माज्या बाजूनं कोन उभं ऱ्हाईल का, त्ये कुटं इचारलंस?"

ती हळूच बोलली, पण देऊळ लहान आहे. शेजारी एक बाई ओटीचं ताट घेऊन बसली होती. मी तिला ओळखत नव्हते. ती आमच्याकडे वळली. "ही वडगावच्या जीपला असती का? माजं पोरगं बी त्याच जीपला हाय. एका पोरीला लय छळत्यात म्हनून सांगत हुतं. मी म्हनलं, आपल्याला काय करायचंय." मग ताट खाली ठेवून तिने मुलीचे सोललेले हात हातात घेतले आणि म्हणाली, "उद्या मी येते शाळंत."

ती आली. मुलालाही वर्गशिक्षिकेसमोर उभं केलं आणि जे पाहिलं ते सांगायला लावलं. एकट्या माझ्या तोंडून तक्रार ऐकायची आणि शेजारी साक्षीदार असताना ऐकायची, यात फरक पडतो. वर्गशिक्षिकेने पालकांना बोलावलं, फोटो पुसायला लावले, आणि मुलीला सांगितलं, "काही झालं तर थेट माझ्याकडे यायचं." पण जीप काही शाळेच्या आवारात धावत नाही.

म्हणून पुढच्या सकाळी मी तिच्यासोबत जीपमध्ये बसायला निघाले. ती म्हणाली, "तू नगं येऊस." ती चढली. मागच्या बाकावरच्या मुलाचा हात नाकाकडे गेला. मुलगी त्याच्याकडे वळून शांतपणे म्हणाली, "दाब की. पर वडगाव येईस्तवर दाबूनच धर, मधीच सोडू नगंस." आधी ड्रायव्हर हसला, मग सगळी जीप हसली. त्या बाईचा मुलगा सरकून म्हणाला, "हितं बस." ती त्याच्या शेजारी बसली.

जीप सुरू झाली तेव्हा माझे हात दाराच्या दांडीवर होते. पोर चांगली आत बसली होती, धरून मीच ठेवलं होतं. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, सोडा आता." मी सोडलं.

देवीकडे मी भार टाकायला म्हणून गेले होते, पण खरं तर उत्तरं ठरवूनच गेले होते. तिने दोन्ही घेतली नाहीत, आणि त्या बाईला माझ्या शेजारी बसवलं. योगायोग म्हणणारे म्हणोत, मी वाद घालत नाही. माझ्याकडून मात्र देवीचे उपकार फिटायचे नाहीत. जीप वळणाआड गेल्यावर मी तिथेच रस्त्यात हात जोडले. काय मागावं ते सुचेना, म्हणून काहीच मागितलं नाही.