दोन्या साबिना पायउतार होते

साबिनाला अध्यक्षपदावरून मीच काढलं. उद्या पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा काढीन. मागून कुजबुजणाऱ्यांनी आधी ऐकून घ्यावं, मग काय ते बोलावं.

लिमाच्या या टेकडीवर आम्ही बायका मिळून एक स्वयंपाकघर चालवतो. पाळीपाळीने रांधायचं, स्वस्तात ताट द्यायचं, आणि अगदीच नडलेल्याला फुकट वाढायचं. फुकट कोणाला वाढायचं ते सभेने ठरवायचं, असा नियम. साबिना आमची अध्यक्षा, सगळे तिला मानाने 'दोन्या', म्हणजे बाईसाहेब, म्हणायचे; मी उपाध्यक्षा. शिवाय ती माझ्या थोरलीची धर्ममाता. म्हणून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो, आणि आमच्यात हे नातं सख्ख्या बहिणीपेक्षा कमी नाही.

साबिना कशी? बटाट्यांचं पोतं खांद्यावर टाकून पायऱ्या चढणारी, आणि कोणी हात लावला तर झटकणारी. चूल स्वतः पेटवायची, बाजारात घासाघीस स्वतः करायची, निर्णयही स्वतःच घ्यायचे. तिथेच घोडं अडलं.

पायऱ्यांच्या तळाशी युलेसी नावाची व्हेनेझुएलाची बाई राहायला आली, दोन लेकरांना घेऊन. साबिना तिला रोज तीन ताटं फुकट देऊ लागली. सभेला विचारलं नाही, मलाही नाही. मसूर तेवढीच, तोंडं वाढली. रांगेत शेवटी येणाऱ्यांच्या वाट्याला नुसतं पाणी येऊ लागलं.

तेव्हा आमच्या पेरूच्या संसदेत राष्ट्राध्यक्षांना काढायची चर्चा चालू होती. आम्ही टीव्ही लावूनच कांदे चिरायचो. एक खासदार म्हणे नैतिक अपात्रता, दुसरा म्हणे हा तर सत्तेचा दरोडा. त्या माणसाने नेमकं केलं काय, ते मात्र धड कोणी सांगेना. शेवटी मतदान झालं आणि त्याला काढलं.

ते पाहून माझ्याशेजारी कांदे चिरणाऱ्या ग्रासिएलाला स्फुरण चढलं. "इतकं सोपं असतं होय! मग हिलाही आजच काढू. नैतिक अपात्रता म्हणायचं की झालं."

"उचलली जीभ, लावली टाळ्याला," साबिना पळी आपटत म्हणाली. "मी काय केलं ते नीट सांग. आठवडाभर आधी सगळ्यांना कळव. मला उत्तर देऊ दे. दोन तृतीयांश बायका हजर हव्यात, आणि त्यातल्या दोन तृतीयांश हात वर हवेत. आपलाच नियम आहे."

"खुर्ची सुटत नाही म्हणून नियम आठवले."

"मागचं विसरलीस वाटतं?"

मागचं कोणीच विसरलं नव्हतं. साबिनाच्या आधीच्या अध्यक्षेला आरडाओरडा करून हाकललं होतं. तिच्या बाजूच्या बायका मोठं पातेलंच उचलून घेऊन गेल्या, आणि अख्खा हिवाळा चूल थंड राहिली. माझी थोरली शाळेत चक्कर येऊन पडली होती. दुधाने तोंड पोळलं होतं आमचं. म्हणून आरोप मी मांडला, आणि एकच मांडला: न विचारता वाढलं.

"वा कोमाद्रे," साबिना म्हणाली. "टीव्हीवरच्या त्या राष्ट्राध्यक्षामागेही उपाध्यक्षच खुर्चीवर टपून बसलेला असतो."

हे मला फार लागलं. पण आरोप मी मागे घेतला नाही.

सभेच्या दिवशी एक बाई कमी पडली. सभा भरणार नाही, म्हणजे साबिना कायम. ग्रासिएला खवळली. "असलं असेल तर आम्ही आमचं पातेलं घेऊन चाललो," म्हणत तिने खरंच पातेल्याच्या कानाला हात घातला. दुसऱ्या कानाला साबिनाच्या भावजयीने.

साबिनाने त्या पातेल्याकडे पाहिलं, शाल घेतली आणि बाहेर पडली.

"पळाली," ग्रासिएला म्हणाली.

ती पळाली नव्हती. बऱ्याच वेळाने धुक्यातून उतरताना दिसली, एका हाताने दोनाताला धरून. दोनाता म्हणजे अगदी वरच्या घरातली आमची म्हातारी सभासद, गुडघ्यांनी अधू आणि साबिनाची जुनी वैरीण. वर काय बोलणं झालं ते दोनातानेच मला नंतर सांगितलं.

"मी तुझ्याविरुद्ध मत देणार, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. चपला घाल."

सभा भरली. मी विचारलं, "दया करायला कोणी अडवलं होतं? पण भांडं सगळ्यांचं आहे. विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"मग ते 'नाही' ऐकून घ्यायचं होतंस."

मी मत मागितलं. हात वर झाले. एक कमी होता. मग दोनाताने भिंतीचा आधार घेत आपला हात वर केला आणि साबिनाचं अध्यक्षपद गेलं.

तिने किल्ली माझ्या हातात ठेवली. "वाटाणे भिजत घाल," एवढंच म्हणाली. मी घरी जाऊन रडले, हे सांगायला मला लाज नाही. सकाळी पातेलं जागेवर असेल का, चूल पेटेल का, हाच घोर.

उजाडता उजाडता गेले तर दाराबाहेर उलट्या बादलीवर बसून साबिना बटाटे सोलत होती.

"उशीर केलास, अध्यक्षीणबाई. आज माझी पाळी आहे."

पुढच्या सभेत ती मागच्या बाकावर बसली, इतर बायकांसारखीच. आणि हात वर करून उभी राहिली. तिला काही मागताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

"युलेसीला तीन ताटं फुकट द्यावीत. मी सभेला विचारते आहे."

पहिला हात दोनाताचा वर गेला. मग माझा. मग एकेक करत सगळे. ग्रासिएलाचा शेवटी, तोही कुरकुरत. "मसुरीत पाणी घालू नका म्हणजे मिळवलं."

साबिना त्या हातांकडे बघतच राहिली. मग शालीच्या टोकाने डोळे पुसून माझ्याकडे वळली.

"आणि तू गं, कोमाद्रे. न विचारता एक बटाटा जरी इकडचा तिकडे केलास तर तुलाही काढीन."

"काढ की," मी म्हटलं. "दोनाताला खाली आणायला मी जाईन."