सकाळचा अर्धा तास

चंपाषष्ठी, रविवार. कल्याण. हजर: आमचे हे, सासूबाई, थोरली मुलगी (वय नऊ), धाकटा (वय पाच), माझी मावशी, जिच्या घरी आम्ही जमलो होतो, आणि मी. याशिवाय आमचं जातं. ते आठ दिवस आधीच मचव्यातून खाडीमार्गे येऊन मावशीच्या पडवीत बसलं होतं, म्हणून त्यालाही हजर धरलं आहे.

ही हजेरी अजून माझ्यापाशी आहे. ह्यांच्या कचेरीतले रद्दी कागद घरी येत, त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी याद्या करीत असे. अजूनही करते. सासूबाई म्हणत, सूनबाईच्या यादीत नाव नसेल तर देवालासुद्धा नैवेद्य मिळायचा नाही. पण त्यांचं तपकिरीचं डबडं हरवलं की त्याही मलाच विचारत.

त्या दिवशी ठरवायचं होतं ते असं. आम्ही तेव्हा गिरगावात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत होतो. पाणी खाली, नळावर, सगळ्या चाळीचं मिळून. इकडे कल्याणात मावशीचं कौलारू घर, आणि तिचे दोन्ही मुलगे नोकरीसाठी वऱ्हाडात गेल्यापासून मागच्या दोन खोल्या रिकाम्या. मागे परसू, परसात जांभूळ, जांभळीखाली विहीर. सात वर्षांची असताना मी त्या विहिरीवर पहिल्यांदा पोहरा ओढला होता. पुढे गिरगावात तिसरी घागर घेऊन तिसरा जिना चढताना मला रोज ती विहीर आठवायची. लोकांच्या मनात काशी असते, माझ्या मनात कल्याण होतं. त्यात मावशीनेच एकदा सहज म्हटलं की खोल्या रिकाम्याच आहेत. तिने ते सहज म्हटलं होतं, पण मी लिहून घेतलं.

अडचण एकच होती. ह्यांची कचेरी मुंबईत, कोटात. म्हणजे रोज आगगाडीने बोरीबंदरला जायचं आणि रोज परत यायचं. ठाण्याहून असं करणारे काही लोक आमच्या माहितीत होते. कल्याणहून करणारा एकही नव्हता.

मी ह्यांना सांगितलं की माझी अट एकच, आणि ती यादीत सर्वांत वर लिहिली: संध्याकाळचं पान मुलांच्या पंक्तीला. ही अट पुरी होत असेल तर जायचं, नाहीतर विहीर सोन्याची असली तरी नाही. याला कारण होतं. माझे वडील ठाण्याच्या कचेरीत कारकून होते आणि साहेबाबरोबर वर्षातले सात-आठ महिने जिल्ह्यात फिरतीवर असत. आम्हां भावंडांना वडिलांपेक्षा खुंटीवरची त्यांची पगडी जास्त ओळखीची. एकदा ते बऱ्याच दिवसांनी घरी आले, तेव्हा माझ्या धाकट्या भावाने जेवताना सर्वांदेखत आईला विचारलं, हे पाहुणे कधी जाणार? वडील हसले. आई पुन्हा पुन्हा भातच वाढत राहिली. ते पान मी विसरलेले नाही.

तर मी गाड्यांचं वेळापत्रक मागवून कामाला लागले. आता गाडीच्या वेळेची गोष्ट सांगायला हवी. रेल्वेचं घड्याळ मद्रासच्या वेळेने चाले आणि मुंबईचं मुंबईच्या. मद्रास अर्धा तास पुढे. कचेरीचं घड्याळ, गिरगावातली घड्याळं, ह्यांचं खिशातलं घड्याळ, सगळी मुंबईची. स्टेशनात पाय टाकला की अर्धा तास उडाला. हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं, तसं मलाही होतं. माहीत होतं म्हणून तर मी त्याचा उपयोग केला. सकाळची सोयीची गाडी सव्वाआठला कल्याणहून निघून दहाला बोरीबंदर गाठते. कचेरी उघडते दहाला. वरवर पाहता जमायचं नाही. पण स्टेशनातले दहा म्हणजे कचेरीतले साडेनऊ. मी लिहिलं, अर्धा तास फुकट, आणि खाली रेघ मारली. संध्याकाळचं असं: कचेरी पाचला सुटते, पावलं उचलली की दहा मिनिटांत स्टेशन, पाच पंचवीसची गाडी, सात दहाला कल्याण, साडेसातला पान. तिथेही रेघ मारली.

ही यादी मी ह्यांना दोनदा वाचून दाखवली. ह्यांनी ती हातात घेऊन स्वतः एकदा वाचली. मग एवढंच विचारलं की खालचं हे अठरा हात काय आहे. मी सांगितलं, पोहऱ्याचा दोर. मावशीला कार्ड टाकून विहिरीचं माप मागवलं होतं. ह्यांनी कागदाची घडी घातली, नीट केलीस म्हणाले, आणि परत दिला.

लगेच मी जातं रवाना केलं. जड सामान आधी, हा माझा नियम आहे. खोल्या सोडतो असं मालकाला महिनाअखेर सांगायचं ठरलं, आणि त्याआधी शेवटचं बघून घ्यावं म्हणून आम्ही चंपाषष्ठीला सगळे कल्याणला गेलो.

मावशीने चार महिन्यांचं वर्ज्य वांगं त्या दिवशी मनसोक्त भाजलं होतं. भरीत, रोडगे, कांद्याची पात. जेवण झाल्यावर मी हाताने खोल्या मोजल्या, कुठे पाट, कुठे पिंप, कोणत्या खुंटीला काय, ते लिहून काढलं. मावशी माझ्या मागे मागे फिरत होती आणि प्रत्येक गोष्टीला हो गं, कर तसं, असं म्हणत होती. सासूबाई पडवीत बसून कल्याणात कीर्तन कुठे असतं, बुवा कुठून येतात, बायकांना बसायला जागा वेगळी असते का, याची चौकशी करीत होत्या. मिळालेल्या उत्तरांवर त्या काही बोलत नव्हत्या. मी मोजण्यात दंग होते, त्यामुळे हे सगळं मला नंतर आठवलं.

परतीची गाडी पाच चाळीसची होती. हे धाकट्याला खाडीवरचे मचवे दाखवायला घेऊन गेले आणि तिथून परस्पर स्टेशनावर येणार होते. घड्याळ माझ्यापाशी देऊन गेले, कारण बाहेरगावी घड्याळ सांभाळणं माझ्याकडे असतं. मी पाचाच्या ठोक्यानंतर लगेच सर्वांना उठवलं. स्टेशन दहा मिनिटांवर. मावशी पोचवायला आली. पाच पंधराला आम्ही फलाटावर होतो आणि पंचवीस मिनिटं हाताशी आहेत या समाधानात मी बोचकं खाली ठेवलं.

फलाट रिकामा होता. डोंबिवलीच्या अंगाला झाडांवर धूर दिसत होता. स्टेशनातल्या घड्याळात पावणेसहा वाजले होते. हे धाकट्याचा हात धरून उभे होते.

पुढची गाडी सव्वासातला. सासूबाईंना बाकावर बसवलं, मावशी त्यांच्या शेजारी बसली, मी बोचक्यावर. आता, वडीलधाऱ्यांसमोर नवराबायकोने एकमेकांशी सरळ बोलायची आमच्याकडे रीत नव्हती. काही विचारायचं तर मुलांच्या तोंडून. थोरली त्यात तयार झाली होती.

मी तिला म्हटलं, बाबांना विचार, तुम्ही बरे वेळेवर पोचलात ते कसे. तिने विचारलं. ह्यांनी तिला सांगितलं, आईला सांग, गाडीचं घड्याळ अर्धा तास पुढे असतं. मी म्हटलं, सांग, मला ठाऊक आहे. आई म्हणते ठाऊक आहे, असं ती म्हणाली. हे धुराकडे बघत राहिले.

तेव्हा मी यादी काढली. सकाळच्या ओळीवर अर्धा तास फुकट, खाली रेघ. संध्याकाळच्या ओळीवर अर्ध्या तासाचं नावच नव्हतं. सकाळी मिळालेला अर्धा तास मद्रासवाले संध्याकाळी परत घेतात. कचेरीत पाच वाजतात तेव्हा बोरीबंदरच्या घड्याळात साडेपाच झालेले असतात आणि पाच पंचवीसची गाडी गेलेली असते. नंतरची आठची. ती कल्याणला पोचेपर्यंत मुलांची पहिली झोप झालेली. मला हवं होतं तिथे मी तो अर्धा तास मोजला, नको होता तिथे मोजलाच नाही.

मी थोरलीला म्हटलं, बाबांना विचार, हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं का.

ती म्हणाली, "तुम्हीच बोला ना आई. मी नाही सारखी विचारणार."

तेव्हा सासूबाईंनी बाकावर बसल्या बसल्या तोंड भिंतीकडे फिरवलं आणि पदर डोक्यावरून पुढे ओढला. म्हणाल्या, "मी पाठ करून बसते. मला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. बोला काय ते." मावशीनेही लगोलग त्यांच्यासारखंच तोंड फिरवलं.

लग्नाला तेरा वर्षं झाली होती. सासूबाईंपासून तीन हातांवर आम्ही दोघं पहिल्यांदा बोललो.

"ठाऊक होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"यादी हातात घेतली तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"दोराचे हातसुद्धा मोजून ठेवले होतेस तू," म्हणाले.

मग बाकीचं कळलं. अर्धा तास आधी सुटता येईल का, असं ह्यांनी कचेरीत वरिष्ठांना विचारून पाहिलं होतं. हवं तर सकाळी एक तास आधी येतो म्हणाले. वरिष्ठ म्हणाले, सकाळी लौकर येऊन काय भिंती बघणार? टपाल पाचला बंद होतं, शेवटचा अर्धा तासच काय तो कामाचा. तेव्हा ह्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं की आठच्या गाडीने यायचं. तोवर कचेरीत काहीतरी वाचत बसायचं. मुलं काय, रविवारी भेटतीलच.

"मग नको," मी म्हटलं.

ह्यांनी पगडी उतरवून गुडघ्यावर ठेवली. भर फलाटावर हे पगडी उतरवतील असं मला कधी वाटलं नव्हतं.

भिंतीकडून सासूबाईंचा आवाज आला, "म्हणजे येणं रहित ना?" त्यांना काही ऐकू येत नव्हतं, याची कोणी आठवण दिली नाही. मी हो म्हटल्यावर त्या पुन्हा आमच्याकडे वळल्या आणि म्हणाल्या की इथले बुवा वर्षातून दोनदाच येतात. दोनदाच! मी जातं धाडलं त्या दिवसापासून त्यांनी हे पोटात ठेवलं होतं.

मावशी तर हसायलाच लागली. "अगं, चार रात्री डोळ्याला डोळा नाही," म्हणाली. "एकटीच्या चुलीची सवय झाली मला. आणि तू आज माझ्या लोणच्याच्या बरणीची जागासुद्धा बदललीस."

"मग सांगायचं नाही का?"

"तुला? तू लिहून घेत होतीस."

म्हणजे माझ्या यादीला तिघांनीही माझ्यासाठी मान डोलावली होती. मला राग यायला हवा होता. मी थोडा वेळ वाट पाहिली, पण तो आला नाही. खोल्या अजून आमच्याच होत्या, मालकाला शब्द गेला नव्हता, चूक रविवारी सापडली होती. आणि हे आपल्याच घरी पाहुणे होणार नव्हते. मी एकदम इतकी हलकी झाले की मला भूक लागली.

मावशीने बरोबर बांधून दिलेले रोडगे आणि भरीत सोडलं. फलाटावरच कागद अंथरले. एका बाजूला हे, शेजारी धाकटा, त्याच्या शेजारी थोरली. धाकट्याने भरीत ह्यांच्या धोतराला पुसलं. हे त्याला रागावले नाहीत. संध्याकाळचं पान मुलांच्या पंक्तीला, तेही कल्याणात. मी मनात त्या ओळीवर खूण केली आणि मग यादी फाडली. त्या दिवशीच्या हजेरीचा तुकडा तेवढा ठेवला.

गाडी आली. परतीच्या वाटेवर ठाण्याला ती थांबली तेव्हा मुलं ह्यांच्या मांडीवर झोपली होती. मी खिडकीबाहेर वडिलांच्या कचेरीच्या दिशेला बघत होते. अंधारात काही दिसलं नाही.

याला आता सहा वर्षं झाली. थोरली सासरी गेली. घागरी मीच चढवते, फक्त तिसरी आता धाकटा आणतो. संध्याकाळी साडेसातला पानं मांडली जातात आणि हे असतात. सासूबाईंचं कीर्तन चालू आहे. दर चंपाषष्ठीला आम्ही कल्याणला जातो. वांगं खातो. मी आठ-दहा पोहरे पाणी ओढते, लागत असो वा नसो. दोर अठरा हातच लागतो, ते माप माझं बरोबर निघालं. परतताना आम्ही स्टेशनच्या घड्याळाने निघतो.

जातं मात्र अजून मावशीकडेच आहे. तिकडे धाडताना मचव्यात मिळाली तशी जागा परत आणताना मिळत नाही. एकदा गाडीवान ठरवला होता तर त्याचा बैल आजारी पडला, आणि गेल्या वर्षी मावशी म्हणाली की सणाचं दळण चाललंय, आत्ता नको नेऊस. मी तोवर शेजारणीच्या जात्यावर दळते. या महिन्याच्या यादीत ते सातवं आहे: कल्याणहून जातं आणणे.