सोजराबाईची आठ दिवसांची सुट्टी

माझ्या चाळीत कुणी कुणावर हात उचलायचा नाही, हे मी भाडेकरूच्या हातात चावी देण्याआधीच सांगते. कुंभवलीत आमच्या घरामागं पाच खोल्या आहेत. राहायला येतात ते सगळे कंपन्यांत कामाला असलेले, कुणी बिहारचा, कुणी बीडचा. पाणी जपून वापरा, मोरीत भात टाकू नका आणि मारामारी करायची तर बोईसर स्टेशनवर जाऊन करा, हे माझं ठरलेलं भाषण. सगळे मुकाट मान हलवतात. सोजराबाईनं मात्र मलाच उलट विचारलं.

"आन कुनी अंगावर आलं तर?"

"तर मला हाक मार."

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि फसकन हसली. समोरचा एक दात अर्धा तुटलेला. मला तिचा तिथंच राग आला होता, पण खोली रिकामी होती.

महिन्याच्या आत तिनं माझा नियम मोडला. चार नंबरचा चिंतू पिऊन आला आणि त्यानं बायकोला मनगटाला धरून फरफटत नळापाशी आणलं. सोजराबाई तिथंच धुणं धूत होती. तिनं हातातला दांडका चिंतूच्या कानाखाली असा हाणला की तो माझ्या तुळशीवर जाऊन पडला. कुंडी फुटली. मी बाहेर येऊन आरडाओरडा करेपर्यंत ही बाई खोलीत जाऊन चहा करून आली आणि एक कप चिंतूच्या हातात दिला. त्यानं तो प्यायलाही.

"राग आला की एक द्यायची, मालकीण," मला म्हणाली, "आन मग चा प्यायचा. आत ठिवला की नासतो."

"आमच्याकडं नाय चालत असलं," मी म्हटलं. कुंडी तिनं दुसऱ्या दिवशी नवी आणून दिली.

ती पाटोद्याकडची. लग्न झालं तेव्हा चौदा वर्षांची होती, आणि त्याच दिवाळीनंतर ऊसतोडीला गेली. एकोणीस हंगाम केले. त्या कामात नवरा-बायको जोडीनं लागतात. पुरुषानं कोयत्यानं ऊस तोडायचा, बाईनं त्याच्या मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायच्या. मोळी हलकी बांधली की नवरा उसानंच मारायचा. दात कोयत्याच्या मुठीनं तुटला. पुढं एका हंगामात तो ट्रॅक्टरखाली आला. हे सगळं तिनं मला मेथी निवडता निवडता सांगितलं, एसटी चुकली म्हणून सांगावं तसं. मग भाचा मनीष तिला इकडं घेऊन आला. तो पुढं वापीला गेला, ही इथंच एका कंपनीत पॅकिंगला राहिली.

गावाहून तिनं एक पत्र्याची पेटी आणि एक कोयता आणला होता. कोयता दारामागच्या खिळ्याला टांगलेला असायचा. काढून ठेव म्हणून मी चारदा सांगितलं.

"ऱ्हाऊ द्या की. नवऱ्याचा फोटू न्हाई माझ्याकडं. ह्योच हाय."

गेल्या मे महिन्यात तिची कंपनी बॉयलरच्या कामासाठी आठ दिवस बंद राहिली. आठ दिवस! सोजराबाईनं माझ्या ओट्यावर बसून बोटं मोजली, पुन्हा मोजली. जन्मात तिला इतकी सुट्टी मिळाली नव्हती. कुठं जावं तिला कळेना. गावी जायचं नव्हतं. मग तिनं फोन लावला आणि तोडीवरच्या दोन मैत्रिणींनाच इकडं बोलावून घेतलं. चंद्रकांता आणि झुंबर.

चंद्रकांता धिप्पाड, विधवा, बोलली की पाच खोल्यांना ऐकू जायचं. झुंबर चिमटीत मावेल एवढी. पहिले दोन दिवस तिघींना बसताच येईना. माझं अंगण दिवसातून तीनदा झाडून झालं. तिसऱ्या दिवशी त्या बसायला शिकल्या. आंब्याच्या सावलीत पाय पसरून तिघी बसायच्या, सोजराबाई कोयत्यानं ताडगोळे फोडून द्यायची, आणि त्यांच्या गप्पा काय, तर कुणाला कुठं मार बसला. एक पदर सारून खांदा दाखवायची, दुसरी पोटरी. बायका दागिने दाखवतात ना, तशा. आणि वर हसायच्या! माझ्या अंगावर काटा यायचा आणि मी आत जाऊन उगाच भांडी आपटायचे.

झुंबर हसायच्या आधी फाटकाकडं बघायची. आणखी एक खोड होती तिची. मी माझ्या नवऱ्यावर नाहीतर दूधवाल्यावर आवाज चढवला, की ही अंगणात बसल्या जागी उजवं कोपर डोक्यावर धरायची. कोण ओरडलं, कुणाला ओरडलं, बघायचीसुद्धा नाही. मी दोन दिवस हळू बोलून पाहिलं. मला ते जमण्यातलं नाही.

सहाव्या दिवशी तिघी मुरब्याला समुद्र बघायला निघाल्या. झुंबर आणि चंद्रकांतानं समुद्र पाहिलाच नव्हता. भाकरी बांधल्या, ठेचा घेतला, आणि आमच्या आळीतल्या कमलेशच्या रिक्षातून सकाळी आठला गेल्या.

दहाच्या सुमारास झुंबरचा नवरा आला.

त्याचं नाव मी तोंडावर आणणार नाही. पांढरा सदरा, हातात बाजरीच्या पिठाची पिशवी. माझ्या पाया पडला. "आमची मंडळी आलीय हितं," म्हणाला, "म्हटलं आपनच न्यायला जावं. एकटी कुठं यायची माघारी." मला इतकं बरं वाटलं! माझ्या नवऱ्यानं सव्वीस वर्षांत मला माहेराहून एकदाही आणलं नाही. झुंबर घरी न विचारता आली होती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि मीही कुठं विचारलं होतं? त्याला पोहे दिले, चहा दिला. तोंड धुवायला सोजराबाईची खोली माझ्याकडच्या चावीनं उघडून दिली. मुरब्याला कुठल्या बाजूनं जायचं, किनाऱ्यावर कुठं उतरायचं, सगळं नीट सांगितलं. नाक्यापर्यंत सोडायला माझ्या नवऱ्याला मोटरसायकल काढायला लावली. जाताना पिशवी काखेत धरून तो पुन्हा पाया पडला.

मग खोलीला कुलूप लावायला गेले. झुंबरची पिशवी जमिनीवर पालथी पडली होती. तिच्या दोन्ही साड्या उभ्या चिरलेल्या होत्या, चिंध्या चिंध्या. दारामागचा खिळा मोकळा होता.

मी अनवाणी धावत कमलेशकडं गेले. तो जेवायला बसत होता.

"काकी, काय झाला?"

"रिक्षा काढ. मी बाईला मारायला माणूस पाठवलाय."

त्या रस्त्यानं कमलेशला मी काय काय बोलले, देव जाणे. हळू चालवतो म्हणून त्याच्या पाठीत गुद्दे घातले. माझ्या चाळीतला नियम माझाच, आणि मीच.

ओहोटी लागली होती. वाळूवर बांबूच्या वलांडीवर बोंबील सुकत होते आणि दोन-तीन कोळणी ते उलटत होत्या. त्यांच्या पलीकडं, गुडघाभर पाण्यात तिघी पाठमोऱ्या उभ्या होत्या. हातात हात धरून, लाट आली की किंचाळत होत्या. झुंबर सगळ्यांत मोठ्यानं हसत होती. इथं बघायला फाटकच नव्हतं. तो त्यांच्यापासून वीस पावलांवर होता, चपला काढून हातात धरलेल्या. दुसऱ्या हातात कोयता.

मी ओरडले. वाऱ्यात माझा आवाज कुठं गेला कळलं नाही. पण झुंबरपर्यंत तो पोचला असावा, कारण तिनं मागं न बघता कोपर डोक्यावर धरलं.

घाव मानेवर यायचा होता. कोपराखाली बसला. हाडाचा आवाज मला वाळूवरून ऐकू आल्यासारखा वाटला. त्यानं तिचा अंबाडा धरून तिला मागं ओढलं आणि दुसरा घाव घातला, तो खांद्यावरून घसरला. पाणी लाल झालं. तिनं तोंडातून आवाज काढला नाही. सवयीनं गप्प राहिली.

"चंद्रे, पाय!" सोजराबाई ओरडली.

चंद्रकांतानं त्याचे दोन्ही पाय कवेत घेतले आणि तो तोंडावर पाण्यात आपटला. सोजराबाई त्याच्या पाठीवर गुडघे रोवून बसली. एका हातानं त्याचं मुंडकं पाण्यात दाबलं आणि टाचेनं मनगट ठेचलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, कोयता सुटेपर्यंत. त्याला वर काढलं, तो खोकला, तिनं परत दाबलं. मी पाण्यात शिरून त्याच्या बरगडीत लाथ घातली. हो, घातली. एक नाही, मला आठवतात त्या चार. सकाळचे पोहे बाहेर यावेत एवढीच इच्छा होती.

"ही घे गो बाय, दोरी!" एका कोळणीनं वलांडीची दोरी फेकली.

"झुंबरे, बांध," त्याला ओढत वाळूवर आणून सोजराबाई म्हणाली.

आणि त्या अर्ध्या तुटलेल्या हाताच्या बाईनं बांधला. दोरीचं एक टोक दातात, एक डाव्या हातात. चंद्रकांतानं पाय जुळवले, सोजराबाईनं हात, झुंबरनं दोरी फिरवली, गुडघा दाबून आवळली, पीळ दिला आणि टोक आत खोचलं. गाठ मारलीच नाही. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. इतक्या हंगामांत किती मोळ्या बांधल्या असतील, तशी ही एक बांधली. तो हलूसुद्धा शकेना. मग त्यानं शिव्या द्यायला सुरुवात केली.

सोजराबाईनं कोयता उचलला. दोरीबाहेर राहिलेला त्याचा उजवा पंजा वाळूवर दाबून धरला आणि हात मागं नेला. तिचा चेहरा अगदी शांत होता, आणि त्याचीच मला भीती वाटली. ही आता तोडणार आणि जन्मभर तुरुंगात सडणार, हे मला दिसत होतं.

"सोजरे, थांब," झुंबर म्हणाली. ती पाण्यात बसली होती, पदरात हात गुंडाळून. "हात नको तोडूस. उद्या त्याला घास कोन भरवनार? मलाच भरवावा लागंल."

कोयता वरच्या वर थांबला. सोजराबाईनं क्षणभर विचार केला.

"खरं हाय," म्हणाली.

तिनं कोयता उलटा धरला आणि मुठीनं त्याच्या तोंडावर हाणला. पुढचे दोन दात पडले. "ह्यो माझा," पहिल्याला म्हणाली, "आन ह्ये त्याचं व्याज." मग तिनं कोयता कोळणीच्या पाटीत ठेवला आणि समुद्राच्या पाण्यानं हात धुतले.

त्याला सोजराबाई आणि चंद्रकांतानं डोक्यावर घेतला. चुंबळसुद्धा केली, ओल्या पदराची. सगळा किनारा बघत होता. त्या दोघी एका चालीनं वाळू चढून रिक्षापर्यंत आल्या आणि तो आत टाकला.

"काकी, सीट रगतानं भरंल," कमलेश म्हणाला.

"मी धुवून देईन. चालव."

त्याला चौकीत उतरवला. झुंबरच्या हाताला सतरा टाके पडले. दोन बोटं आता मिटत नाहीत. खटला चालू आहे, तारखेला मी जाते. सोजराबाईवरही तक्रार झाली, दातांची. त्या कागदावर साक्षीदार म्हणून कोळणींची नावं आहेत, आणि त्या दिवशी नेमकं ऊन त्यांच्या डोळ्यांवर होतं.

दवाखान्यातून आल्यावर चंद्रकांता म्हणाली, आपण आता गावाकडं जाऊ, झुंबरच्या भावाकडं. झुंबर खाटेवरून म्हणाली, "सुट्टी अजून दोन दिस हाय."

ते दोन दिवस तिघी परत आंब्याखाली बसल्या. मी आतून ताडगोळे पाठवत होते आणि स्वतः बाहेर जात नव्हते. त्यांना वाटत होतं, त्यानं कुठूनतरी पत्ता काढून खोली फोडली असेल आणि ते बघून मी मागं धावले असेन. कमलेशला मी गप्प बसवलं होतं. आठव्या दिवशी संध्याकाळी मात्र मला राहवेना. गेले, आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. पोहे, चहा, चावी, मोटरसायकल, सगळं.

सोजराबाई उठली. तिचा हात मी पाहिला होता, त्यामुळं मी डोळे मिटून घेतले.

"माझा न्हाई ह्यो राग," ती म्हणाली. "झुंबरे, ऊठ. तुझा हाय. एक दे हिला."

"मी?" झुंबर म्हणाली.

"आत ठिवू नगंस."

पाचही खोल्यांची दारं उघडी होती. चिंतू त्याच्या बायकोच्या मागं उभा राहून बघत होता. झुंबर माझ्यासमोर आली. तिनं जन्मात कुणावर हात उचलला नव्हता. डावा हात वर नेला, खाली घेतला, पुन्हा नेला. "मार गं," मीच म्हटलं. तेव्हा तिनं मारली. नीट बसलीसुद्धा नाही, अर्धी गालावर, अर्धी कानावर.

आणि लगेच तिनं तोच हात माझ्या गालावर ठेवला.

"लागलं का वो, ताई?"

मला हुंदका फुटला. अंगणातल्या त्या तिघींना एवढा मार बसला होता, पण हे त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. चंद्रकांतानं तोंड फिरवलं. सोजराबाई तिथंच खाली बसली आणि अर्ध्या दाताची ती बाई, जिला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं, गुडघ्यांत डोकं घालून रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिच्या कंपनीचा भोंगा होता. चहा त्या संध्याकाळी मी केला.