लाजोचा मांडा

लाजो गेली, हे तिच्या सुनेने फोनवर सांगितलं तेव्हा मी धुळ्याला लेकीकडे होते. माझ्या तोंडून निघालं, "परवानगी घेतली का?" दीड महिना झाला, असं का बोलले ते मला अजून समजत नाही.

लाजो पिंप्राळ्यातली माझी शेजारीण. सिंधी. नवऱ्यासोबत पाकिस्तानातून आली आणि पंचवीस वर्षं व्हिसावरच राहिली. जळगाव सोडायचं तर तिला पोलिसांची परवानगी लागायची. माझ्या लेकीचं लग्न धुळ्याला होतं, लाजोचा परवानगीचा कागद आला तो लग्न लागून दोन दिवसांनी. आहेराची साडी मांडीवर घेऊन ती माझ्या दारात बसली होती. इथलं नागरिक व्हायचं, एवढं एकच तिच्या डोक्यात.

दोन वर्षांपूर्वी त्यासाठी कलेक्टर कचेरीतून बोलावणं आलं. कुणी तरी सांगितलं, साहेब प्रश्न विचारतात. मी चौथी शिकलेली, तरी मास्तरीण झाले. नातवाची पुस्तकं आणून तिच्याकडून जिल्हे, नद्या, राष्ट्रगीत घोकून घेतलं. चुकली की ओरडायचे. परीक्षा हवीच, असं माझं मत. कुणीही यावं आणि इथलं व्हावं, हे कसं चालेल? एकदा तिनेच मला विचारलं, राज्यपाल काय काम करतात? मला सांगता आलं नाही. म्हटलं, मला कोण विचारतंय. तिने पुस्तकाचं पान उलटलं.

साहेबांनी काहीच विचारलं नाही. कागद पाहिले, शपथ वाचून घेतली, सही घेतली. पुढे दाखला मिळाला. मी पेढे मागायला गेले, तर ही तोंड पाडून बसलेली. "अक्का, इतना पाठ किया, कुणी विचारलंच नाही." मला रागच आला. मग वाटलं, विचारलं असतं आणि ही नापास झाली असती, तर कुठे गेली असती? तेव्हापासून माझं मत काय आहे, ते मलाच सांगता येत नाही.

तशी तिची परीक्षा मी दर वर्षी घेतच होते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर पुरणाचे मांडे करतो. हातावर फिरवत कोपरापर्यंत पसरलेला मांडा तिच्याकडून खापरावर पडायच्या आधीच फाटायचा. मी सगळ्या बायकांसमोर म्हणायचे, "तुले मांडा येत नही, मंग तू आठली कशी?" आठली म्हणजे इथली. बायका हसायच्या, तीही हसायची. माझ्या सुनेलाही मांडा येत नाही. तिला मी असं कधी बोलले नाही.

बाराव्याला गेले तेव्हा लाजोच्या सुनेने माळ्यावरून एक खापर काढून माझ्यापुढे ठेवलं. सासूबाई दुपारी मागच्या दारी चूल पेटवायच्या, म्हणाली. लाजो आमच्याकडे कधी त्याबद्दल बोलली नव्हती. खापर आतून काळंकुट्ट, वर्षानुवर्षं तापलेलं. मी विचारलं, जमला का कधी? "फाटलेले आम्हाला वाढायच्या," ती म्हणाली. "अख्खा झाला की नाही, ठाऊक नाही."

खापर मी घरी आणलं. काजळी काढायला दोनदा घासणी घेतली... दोनदा ठेवून दिली. ते ओट्यावर पालथं आहे. माझी सून विचारते, आई, हे कुठे ठेवू? मी म्हणते, असू दे तिथेच.