टेकडीवरची रेंज
परवा सुनेनं कणगी झाडताना माझा जुना बटणांचा मोबाईल बाहेर काढला, आणि त्याला लागलेला कोंडा पुसताना तो दिवस पुन्हा समोर उभा राहिला. बायकोचा दहावा होता. आसनगावहून भाचा आलेला. त्याच्या मोबाईलमधी तिचा फोटो होता, चुलीपुढं बसून त्याच्यावर उलथणं उगारून हसतानाचा. तिचा दुसरा फोटो जगात नव्हता. "मामा, तुमच्या फोनमधी ब्लूटूथनं पाठवतो, वायर नाय लागत," तो म्हणाला. माझ्या फोनवर निळी पट्टी सरकू लागली, अर्ध्यावर आली आणि अडली. आमच्या पाड्यात फोनवर बोलायचं तर टेकडीच चढावी लागे, खाली रेंज कुठली! मी फोन घेऊन चढणीला लागलो. "मामा, लांब जाऊ नका, दोन्ही फोन जवळ लागतात!" तो मागून ओरडला. "रेंज कुठं येते ते तू मला शिकवू नको रे!" वर पोचून मी हात उंच धरला, तर पट्टीच गायब. धापा टाकत खाली आलो, तोवर त्याची बॅटरी संपलेली, पाड्यात लाईट नाय, आणि शेवटची एसटी हॉर्न मारत होती. "पुढच्या खेपेला देतो, मामा," म्हणून तो गेला. त्या खेपेआधीच त्याचा फोन कुणी खिशातून मारला. आता नात म्हणते, "आजोबा, फोटो पाठवते." तेव्हा मी फोन हातात धरून जागचा हलत नाय. सगळ्यांचे फोटो येतात.