कुत्र्याचे पाय चेपणारे डॉक्टर

"ओकताना पोट हालता काय?"

आजारी कुत्रा घेऊन कुणीही दारात उभं राहिलं की डिचोलीच्या आमच्या गुरांच्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न हाच. नाव नाही, गाव नाही. येणारा गोंधळून स्वतःच्याच पोटाकडे बघायचा.

तुम्ही आमच्या भागातले असाल तर तुम्हाला ठाऊकच आहे, इथे कुत्र्याने अन्न टाकलं की घशात माशाचा काटा अडकला असं सगळे धरून चालतात. मग सुक्या भाताचे गोळे कोंबायचे, काटा खाली उतरतो म्हणून. माझ्या जिमीला मी महिनाभर असेच गोळे भरवले. तो बिचारा गिळायचा, आणि थोड्या वेळाने गोळा जसाच्या तसा बाहेर यायचा. बरगड्या दिसायला लागल्या तेव्हा कुठे मयेहून रिक्षाने त्याला घेऊन गेले.

"काटो अडकला, डॉक्टर."

"काट्याचा नाव काढू नको गे बाय. पोट हालता काय?"

मी कधी पाहिलंच नव्हतं. डॉक्टर जमिनीवर फतकल मारून बसले, कोंड्याची पोय, म्हणजे आमचा गोल पाव, मोडून जिमीला घातली आणि बघत राहिले. तुकडे परत आले, पोट जराही हललं नाही. म्हणजे अन्न पोटापर्यंत पोचतच नव्हतं. मग ते त्याचे पाय चेपू लागले. मला हसूच आलं. दुखणं घशाशी आणि हे पाय चेपतायत! पण अन्ननलिकेत वाईट गाठ वाढली की कधीकधी पायांची हाडंही जाड होतात म्हणे. अशी गाठ क्वचित होते, म्हणून कुणी शोधत नाही.

स्वतःच्या गाडीतून त्यांनी जिमीला मोठ्या दवाखान्यात नेलं. घशातून कॅमेरा घातला. गाठच होती, वाईट; आता इलाज नव्हता. शेणकिडे खाऊन पोटात जाणाऱ्या एका जंतापासून ती होते, आणि आमचे जिमीसाहेब दिवसभर गोठ्यात शेणकिडेच हुडकायचे.

डॉक्टर तोंडाचे फटकळ. शिरगावच्या एका ट्रकवाल्याला त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, "तुझो कुत्रो आठ दीस काडूचो नाय." तो भडकला, तर हे म्हणाले, "गोड बोलूक माका येणा नाय."

जिमीला उभ्यानेच पेज भरवावी लागे, म्हणजे ती आपसूक खाली उतरे. मांद्र्याला घरी जायचं सोडून डॉक्टर रोज उलट्या दिशेने मयेला यायचे आणि त्याचे पुढचे पाय पायरीवर धरून उभे राहायचे. शेवटचं इंजेक्शनही त्यांनीच दिलं.

"म्हयनाभर आधी जिमीक तुमच्याकडे हाडलो असतो तर?" मी विचारलं.

ते बॅग आवरत होते. "काय एक फरक पडलो नसतो, बाय."

त्या वाक्यावर मी पुन्हा जेवायला लागले.

पुढे दोन वर्षांनी डॉक्टर वारले. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीण आली. नव्या पिल्लाला जंताचं औषध द्यायला गेले तेव्हा ती सहज म्हणाली, सुरुवातीला नुसती जंताची गाठ असते, औषधाने विरते, वेळेवर आणलेले कुत्रे पुष्कळदा वाचतात. मी पिल्लाला घट्ट धरून तशीच बसून राहिले. जिमीसाठी माझं रडून झालं होतं. आता डॉक्टरांसाठी रडू आलं.

त्यांना एकदा भेटून सांगायला हवं होतं, तुम्ही खोटं बोललात ते मला कळलं, आणि फार बरं केलंत. गेल्या रविवारी मांद्र्याला त्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोने, काकींनी, चहा केला.

"काय काम काढलंस गे बाय?"

"काय नाय काकी," मी म्हटलं, "अशीच इलंय."